चूकवही

बाईंनी माझी वही दोन बोटांत धरून वर उचलली. मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलतात तशी. सगळ्या वर्गाला दिसेल एवढी वर. मग म्हणाल्या, "ही गठ्ठ्यात ठेवत जाऊ नकोस. गठ्ठा पडतो."

आणि वही दाराशी ठेवली. खाली. फरशीवर, चपलांच्या रांगेला लागून.

वर्गात आम्ही बावन्न जण. एक्कावन्न वह्या टेबलावर, माझी एक खाली. त्या दिवसापासून तो नियमच झाला. दर सोमवारी निबंधाच्या वह्या गोळा व्हायच्या आणि मी कुणी न सांगता उठून माझी वही दाराशी ठेवून यायचे. पहिले दोन आठवडे पोरं हसली. मग हसायचीही थांबली. ते जास्त वाईट होतं. म्हणजे सगळ्यांना पटलं होतं की हिच्या वहीची जागा तीच.

बाई खोटं बोलल्या नव्हत्या, हे आधीच सांगते. गठ्ठा खरंच पडायचा. माझी वही एका अंगाला फुगलेली, दुसऱ्या अंगाला चपटी. तिच्यावर दुसरी वही ठरायची नाही. खोटं बोलल्या असत्या तर मी घरी जाऊन बोंब तरी मारली असती. खऱ्याला कसली बोंब मारणार?

ही सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची गोष्ट. भिवंडी. मी आठवीत.

आता त्या वहीचं सांगते. माझी आई निजामपुऱ्यात वह्या बांधायच्या कारखान्यात कामाला होती. कारखाना कसला, एक लांबट गाळा. डावीकडे कापडाचे लूम, उजवीकडे लूम, मध्ये आमचा गाळा. दिवसभर खटखट. शेजारी शेजारी बसलेल्या बायकासुद्धा ओरडून बोलायच्या. आई धरून दहा बायका गोणपाट टाकून खाली बसायच्या. मोठा ताव घ्यायचा, दुमडायचा, परत दुमडायचा, लाकडी पट्टीने घडी दाबायची. अशा एका घडीला फर्मा म्हणायचे. दहा-बारा फर्मे एकावर एक ठेवून प्रत्येक घडीच्या पोटातून सुई काढायची, दोरा ओढायचा, गाठ मारायची. मग पाठीला खळ आणि वरून पुठ्ठा. कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद टाकायचे. आईच्या नखांच्या कडा कायम निळ्या असायच्या.

अशी पोटातून शिवलेली वही कुठल्याही पानावर उघडा, सपाट पडते आणि उघडीच राहते. अशी वही मला मिळायची नाही.

शेठ चांगला माणूस होता. म्हणजे तो स्वतःला चांगला समजायचा. खराब कागद तो बायकांना घरी न्यायला द्यायचा. रेघा वाकड्या पडलेला, कोपरे फाटलेला, शाई फुटलेला. आई त्यातलं बरं तेवढं कापून माझी वही करायची. पण ती सुटी पानं. सुट्या पानाला घडीच नसते, तर पोट कुठून येणार? मग कडेने दाभणाने भोकं पाडून शिवायचं. आणि कडेने शिवलेली वही जन्मात सपाट उघडत नाही. डाव्या हाताने दाबून धराल तेवढा वेळ उघडी. हात उचलला की मिटली. शिवणीजवळचे शब्द वाकडे व्हायचे, ओळी चढायच्या. अख्ख्या गाळ्यात आईच्या हाताएवढी सफाई कुणाच्या हाताला नव्हती, आणि तिच्या पोरीची ही वही.

आणि नीलिमा.

नीलिमा शेठची मुलगी. माझ्याच वर्गात, पहिल्या बाकावर. तिच्या वह्या कारखान्यातल्याच. दोनशेपानी, जाड पुठ्ठ्याच्या, पाठीला कापडी पट्टी. त्यातल्या निम्म्या माझ्या आईने शिवलेल्या. मला ओळखू यायच्या. आई गाठ मारली की दोरा आखूड कापायची, बाकीच्या बायका शेपूट ठेवायच्या.

लोकांना वाटतं गरिबाची पोर शेठच्या पोरीच्या फ्रॉकवर जळते, डब्यातल्या शिऱ्यावर जळते. मी नाही. मी तिच्या डाव्या हातावर जळायचे. ती लिहायला लागली की तो हात मोकळा असायचा. त्याला कामच नसायचं. कधी हनुवटीखाली, कधी वेणीच्या टोकाशी चाळा करत, कधी नुसता बाकावर पडलेला. आणि वही आपली उघडी. मी मागच्या बाकावर ओणवी होऊन, डावा पंजा पानावर रोवून, कोपराने वही दाबून लिहायचे आणि मधूनच मान वर करून तिच्या त्या रिकामटेकड्या हाताकडे बघायचे.  उठावं आणि त्या हातावर फूटपट्टी हाणावी असं वाटायचं.

बरं, अक्षर म्हणाल तर कोंबडीचे पाय. एवढं गुळगुळीत पान, एवढी ऐसपैस जागा, आणि त्यावर कोंबडीचे पाय. माझं अक्षर शाळेत पहिलं. फळ्यावरचा सुविचार रोज मी लिहायचे. दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात ना, ते हेच. तिच्याकडे चणे होते आणि ती ते चावतसुद्धा नव्हती.

एकदा मी आईला म्हटलं, एक वही आण की माझ्यासाठी, दिवसभर शिवतेस एवढ्या. आई म्हणाली, शिवते म्हणून माझी होते का ती?  तिला चोरीची भीती नव्हती. तिला भीती होती ती दुसऱ्याच एका वहीची.

शेठच्या टेबलावर एक वही असायची. उंच, जाड, कोपऱ्यांना कातडं लावलेली. बायका तिला चूकवही म्हणायच्या. फर्मा उलटा लागला, खळीचा डाग पडला, यायला उशीर झाला, कुणी उलट बोललं, की शनिवारी दुपारी ते त्या वहीत चढायचं. बाईला टेबलासमोर उभं करायचं, लिहायचं, आणि खाली तिचा अंगठा घ्यायचा. एका बाईच्या नावावर तीन नोंदी झाल्या की तिचं काम संपलं. दहातल्या एकीलाही वाचता येत नव्हतं. आपण कशावर अंगठा देतोय हे शेठ सांगेल तेवढंच.

लिहायचं काम एक म्हातारे अण्णा करायचे. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला. त्याच सुमारास, मी नुकतीच नववीत गेले होते, नीलिमाने तिचा निबंध माझ्याकडून तिच्या वहीत उतरवून घेतला. बांधीव वहीत लिहायची ती माझी पहिली वेळ. वही उघडली, पडली, पडूनच राहिली. डाव्या हाताचं काय करावं तेच कळेना. मी तो मांडीवर ठेवला, मग बाकावर, मग हळूच हनुवटीखाली. पेन नुसतं वाहत होतं. निबंध दोन पानांचा होता, मी ओढून ओढून चार पानांचा केला. वही परत देताना जिवावर आलं.

शेठने ते अक्षर बघितलं. कुणाचं म्हणून विचारलं. कारखान्यातल्या ताराबाईच्या मुलीचं, नीलिमा म्हणाली. दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. सगळ्या बायकांसमोर शेठ म्हणाला, दर शनिवारी दुपारी ये आणि चूकवही लिही. दहावीच्या तुझ्या सगळ्या वह्या माझ्याकडून. दोनशेपानी.

मी एका दमात हो म्हटलं. आईकडे बघितलंसुद्धा नाही.

पहिल्या शनिवारी आईने पदराने खुर्ची पुसली. म्हणाली, "नीट बस. पाय हलवू नको." मी बसले. डोक्यावर पंखा. समोर ती वही. खाली गोणपाटावर दहा बायका, त्यात माझी आई. मला वाईट वाटायला हवं होतं ना? नाही वाटलं. मला सुख झालं. आता मी तुम्हाला माझंच खरं सांगतेय, तर सगळं सांगते. त्या वहीत लिहिताना मला जे सुख झालं तसं त्याआधी कशातच झालं नव्हतं. कागद जाड, शाई फुटायची नाही. रेघ सरळ. शिवणीपर्यंत शब्द नेला तरी शब्द सरळच. मी शनिवारची वाट बघायला लागले. कुणाची तरी चूक व्हावी अशी वाट बघायला लागले. चुका कमी असल्या की लिहायला कमी.

मग मी वाढवून लिहायला लागले. शेठ म्हणायचा, "शांताबाई, फर्मा उलटा." एवढंच. मी लिहायचे, 'शांताबाई यांनी आपल्या कामात गंभीर हलगर्जीपणा केला असून, सदर चूक त्यांना मान्य आहे व होईल ती शिक्षा भोगण्यास त्या तयार आहेत.' शांताबाई असं काही बोललेली नसायची. ती नुसती उभी असायची. हे शब्द मी शाळेतल्या पत्रलेखनातून उचलले होते. शेठने पहिल्यांदा वाचलं आणि खूश होऊन म्हणाला, वा, अण्णांना हे जमलं नसतं. नीलिमासुद्धा कौतुकाने वाकून बघायची. माझी छाती फुगायची. आता ती बघत होती आणि मी लिहीत होते.

हसीनाआपा म्हणून एक वयस्कर बाई होती. अंगठा द्यायच्या आधी ती एकटी विचारायची, "क्या लिखा, बेटा?" मी म्हणायचे, थोडंसंच आहे आपा, डाग पडला एवढंच. ती मान हलवून अंगठा टेकवायची.

आईचंही नाव एकदा आलं. आधीची एक नोंद अण्णांच्या हातची होती, ही दुसरी. सकाळी रिक्षा मिळाली नाही म्हणून उशीर. मी लिहिलं, 'उशीर झाला.' दोनच शब्द. तिच्यासाठी बरोबर छोटे शब्द सापडले मला. म्हणजे कळत होतं. कळत नव्हतं म्हणायची सोय नाही.

अनुसया मावशी आमच्या गावाकडची. अंजूरची. गावात आमची घरं सगळ्यात शेवटी, खाजणाला, म्हणजे खाडीच्या दलदलीला लागून. तिचं घर आमच्या घराला लागून होतं. आम्ही भिवंडीत खोली घेऊन राहायला आलो तरी ती रोज गावाहून यायची. लहानपणी माझ्या वेण्या तिने घातल्यात. तिची तिसरी नोंद माझ्या हातची. पानं मागेपुढे झाली होती. शेठ म्हणाला, "परत तेच." मी लिहिलं, 'वारंवार समज देऊनही अक्षम्य दुर्लक्ष केले.' तिला कुणी कधीच समज दिली नव्हती. पण वाक्य काय झकास झालं! 'क्ष' दोन वेळा आला आणि दोन्ही वेळा सुरेख आला. मी त्या दोन 'क्ष'कडे बघत होते, तोवर ती अंगठा देऊन दारापाशी गेली होती. चपला घालताना ती आईला म्हणाली, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, तारे." आईने मान खाली घातली आणि सुई ओवली.

मला राग आला. मावशीचा. मला वाटलं, जळते. मी खुर्चीत बसते म्हणून माझ्यावर जळते. स्वतः जळणाऱ्याला सगळं जग जळतंय असंच दिसतं.

दिवाळी जवळ आली. दिवाळीआधी दीड महिना कारखान्यात लाल वह्यांचं काम चालायचं. व्यापारी लक्ष्मीपूजनाला पूजतात त्या. लाल कापडाच्या, नाडी बांधायच्या. त्या वह्यांचे नियम वेगळे. जी बाहेरची असेल तिने त्या वहीला शिवायचं नाही, बाजूला बसून साध्या वह्या करायच्या. शेठची बायको, आम्ही वहिनी म्हणायचो, रोज सकाळी दारात उभी राहून विचारायची, "आज कोण बाजूला?" मग जिची पाळी असेल तिने सगळ्यांदेखत हात वर करायचा. कामावर आलेले हमाल, कागद उतरवणारे, सगळे बघायचे.

आणि आमच्या वस्तीतल्या बायकांसाठी वरून आणखी एक नियम. शिवायचं आम्ही, पण लाल कापड वहिनी स्वतः आंघोळ करून चढवायच्या. गावात आमची घरं कुठे आहेत ते त्यांना ठाऊक होतं. आमची शिवण पूजेला चालायची, कारण ती कापडाच्या आत जायची. दिसत नव्हती.

त्या वर्षी एका सकाळी आईने हात वर केला नाही. का नाही केला, हे मी तिला पुष्कळ वर्षांनी विचारलं. म्हणाली, कंटाळा आला बाय हात वर करायचा.

दुपारी ती पाणी प्यायला उठली आणि वहिनींना गोणपाटावरचा डाग दिसला. त्या सकाळपासूनच्या आईच्या शिवणीच्या लाल वह्या वहिनींनी उचलून बाहेर नेल्या. त्यांच्यावर गोमूत्र शिंपडलं. आणि विकायला पाठवल्या. फेकल्या नाहीत, हे लक्षात घ्या.

हे मला शनिवारी कळलं, खुर्चीत बसल्यावर. शाळा सुटून मी नेहमीसारखी आले होते. नीलिमाही नव्या वह्या न्यायला आली होती आणि टेबलाच्या कडेला हनुवटीला हात लावून उभी होती. वहिनी दारात. समोर आई. तिने स्वतःहूनच अंगठा शाईच्या पॅडवर टेकवून घेतला होता. जांभळा अंगठा पुढे धरून उभी. ही तिची तिसरी नोंद.

शेठ म्हणाला, "लिही. ताराबाई. विटाळात असून पूजेच्या वहीला हात लावला. जाणूनबुजून." मग म्हणाला, "पुढचं तुझं तू घाल."

पुढचं तुझं तू घाल. मला ते माझं पुढचं सगळं पाठ होतं. सदर चूक मान्य असून. होईल ती शिक्षा.

मी लिहिलं, 'ताराबाई'. चांगलं वळणदार. आणि पेन थांबलं.

मी पंधराची होते. मलाही वर्षभरापूर्वी सुरू झालं होतं. जून ते दिवाळी एवढ्या शनिवारांत एखादा तरी तसा गेला असणारच, मी या वहीला शिवले असणारच. मला कुणी कधी विचारलं नाही, बाजूला बस म्हणून. कारण ही वही पूजेची नव्हती. ही वही आम्हालाच कापण्यासाठी होती. तिच्यावर आमचा कुठलाही हात चालत होता.

आई हळूच म्हणाली, "लिव बाय. थांबू नको. दहावीच्या वह्या हायेत."

तिचं काम जाणार होतं आणि ती माझ्या वह्यांचं बघत होती. मी तिच्या अंगठ्याकडे बघितलं. नखाची कड निळी, खाली शाई जांभळी. नीलिमा म्हणाली, लिही ना लवकर, मला क्लासला जायचंय. तिच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. तिला खरंच क्लासला जायचं होतं.

मी पेनाला टोपण लावलं.

"मी हे लिहिणार नाही."

शेठ चिडला नाही. हसला. गोणपाटावरच्या बायकांकडे हात केला आणि म्हणाला, "मग कोण लिहिणार? यांच्यातल्या कुणाला येतं?"

खरंच होतं. कुणालाच येत नव्हतं. अख्खी चूकवही त्याच एका गोष्टीवर उभी होती आणि तो ते हसत हसत बोलून गेला. मी म्हटलं, लिहिता येत नसेल, ऐकता येतं. आणि वहीची मागची पानं उलटून वाचायला लागले. लूमच्या आवाजात कुणाला ऐकू जाईना, म्हणून उभी राहिले आणि ओरडून वाचलं. शांताबाईचं वाचलं. प्रत्येक शब्द. मग सांगितलं, शेठ फक्त फर्मा उलटा म्हणाले होते. बाकीचं मी घातलंय. शिक्षा भोगायला तयार आहे हे तू म्हणाली नव्हतीस, ते माझं आहे.

बायकांचे हात थांबले. हसीनाआपा उठून टेबलापाशी आली. म्हणाली, "मेरा पढ़." मी तिचं वाचलं. सगळं. संपल्यावर तिने शेठकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं.

"तूने तो बोला था थोड़ा सा है."

  शेठने वही माझ्या हातून ओढून घेतली तेव्हा मी सोडून दिली. आईने अंगठा पदराला पुसला. कागदावर दिला नाही. पदरावर तो जांभळा डाग पडला आणि आम्ही दोघी बाहेर आलो.

आता इथे चूकवही बंद झाली असं सांगितलं तर तुम्हाला बरं वाटेल. झाली नाही. शेठने महिन्याभरात दुसरा माणूस ठेवला. दोघीतिघी आधी वाचून दाखवा म्हणायला लागल्या, बाकीच्यांनी मुकाट अंगठे दिले. पोट आहे प्रत्येकीला. आईला शेजारच्या लूमवर सुताची कांडी भरायचं काम मिळालं. मला दहावीच्या वह्या मिळाल्या नाहीत. आणि आता खराब कागदही बंद झाला.

आई आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. मला वाटलं, काम गेलं म्हणून रागावलीय. मनात म्हटलं, मी एवढं केलं हिच्यासाठी आणि हिला त्याचं काही नाही. नवव्या दिवशी भाकऱ्या थापताना, माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझ्या येळेला थांबलीस, बरं केलंस. अनुसयेच्या येळेला का न्हाय थांबलीस?"

का नाही थांबले? कारण हात सुखात होता. एवढंच कारण आहे, दुसरं नाही. परिस्थिती, वय, गरिबी, सगळं सांगून बघितलं मी स्वतःला. पण चार पानं आधी आईसाठी मला छोटे शब्द सापडले होते. मावशीसाठी मी शोधलेसुद्धा नाहीत.

रविवारी मी अंजूरला गेले. मावशी अंगणात भात पाखडत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ती सूप खाली न ठेवता म्हणाली, "काय लिवलं व्हतंस, बोल." मला पाठ होतं. म्हणून दाखवलं. तिने परत म्हणायला लावलं. मग विचारलं, अक्षम्य म्हंजे काय? मी म्हटलं, माफ न करण्यासारखं.

"बरं," ती म्हणाली आणि पाखडत राहिली. बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.  मग मी निघाले.

दहावी मी कडेने शिवलेल्या वह्यांवरच केली. कागद कुठून कुठून गोळा केला. पास झाले, पुढे शिकले, नव्वदनंतर एका कचेरीत कारकून लागले. माझ्या टेबलावर आता बांधीव वह्या असतात, पाहिजे तेवढ्या. आणि तरीही मी नीलिमावर जळते, आजही. आता तिच्या हातावर नाही. तिला तिच्या अक्षराची लाज वाटावी अशी वेळच आली नाही, यावर जळते. चूकवही तिच्या बापाची, फायदा तिच्या घराचा, आणि त्यातलं एक अक्षर तिच्या हातचं नाही. अक्षर सगळं माझं. ही हुशारी त्यांची पिढ्यान् पिढ्यांची आहे. घाण आमच्याकडून काढून घ्यायची आणि शाईसुद्धा आमच्याच हाताला लावायची.

पंच्याण्णवच्या सुमारास काल्हेरच्या एका गोदामवाल्याचा माणूस कचेरीत आला. सोबत एक बाई, हाताला बँडेज. म्हणाला, हिच्याच चुकीने यंत्रात हात सापडला असं दोन ओळी लिहून द्या, तुमचं अक्षर चांगलं आहे. मी कागद घेतला नाही. बाईला खुर्ची दिली, विचारलं, काय झालं ते तू सांग. तो माणूस साहेबाकडे गेला. साहेबाने मला आत बोलावून विचारलं, दोन ओळी लिहायला तुमचं काय जातं? मी सांगितलं काय जातं ते. ती नोकरी सहा महिन्यांत सुटली. दुसरी मिळाली, तीही एकदा अशीच सुटली.

सुटू दे. मी ठरवलंय. माझ्या अक्षराखाली कुणाचा अंगठा येणार असेल तर मी आधी तिला मोठ्याने वाचून दाखवणार. तिने न बोललेला शब्द त्यात असेल तर तिच्यासमोर खोडणार. शेठ समोर बसलेला असो, साहेब असो, माझी स्वतःची भाकरी जाणार असो. अनुसया मावशीने मला माफ केलं नाही. ती आता नाही. मी माफी मागत फिरणार नाही, आणि तसं वाक्य परत लिहिणारही नाही. कुणाचंच नाही.